बाईंचा चौथा आवाज

बाईंचा आवाज अखेर गावभर गाजला, आणि गाजल्यावर लगेच स्वतःच्या घरात तो काढायची बाईंना बंदी झाली.

हा शेवट झाला. तो आता कृपया विसरून जा. असं काही घडलेलं नाही, आणि घडलं असं कुणी म्हणालंच तर तो माणूस वरच्या मजल्यावरचा असणार. या घटकेला बाई बेडरूममधल्या कपाटात मांडी घालून बसल्या आहेत. डोक्यावर स्वेटर लोंबतायत, मांडीवर उशी आहे, उशीवर माईक आहे आणि कपाटाबाहेर नवरा उभा आहे. त्याला मोजे हवे आहेत.

बाई कपाटात का गेल्या ते थोडक्यात सांगतो. शाळेने आधी बाईंचे मराठी-भूगोलाचे तास काढून घेतले, मग गाण्याचा तासही बंद करून त्याजागी व्यक्तिमत्त्व-विकासाचा तास सुरू केला आणि तो व्यायामाच्या सरांना दिला. बाई रीतसर घरी बसल्या. बाईंच्या घरी बसण्याचं सगळ्यांत जास्त दुःख झालं ते घरच्यांना, कारण तोवर बाईंचा आवाज दिवसभर शाळेत खर्च व्हायचा आणि संध्याकाळी उरलासुरला घरी यायचा. आता तो अख्खाच्या अख्खा घरात राहायला आला. तेव्हा ‘आई, तू जाहिरातींना आवाज का देत नाहीस?’ असं लेकीने सुचवलं, त्यात कौतुकाचा भाग किती आणि स्वसंरक्षणाचा किती, हे सांगता येणार नाही.

पण कल्पना बिनतोड होती. बाई लहानपणापासून गात आल्या, पुढे शाळेत शिकवत आल्या, आणि रविवारी सकाळी रेडिओवर निवेदन करत आल्या. म्हणजे बाईंकडे एक सोडून तीन आवाज होते आणि तिन्ही चालू स्थितीत.

पहिला गाण्याचा. या आवाजात बाईंनी ‘दूध’ म्हटलं तर त्यातला दीर्घ ऊ खाली उतरून, वळसा घेऊन, वर जाऊन समेवर यायचा. तोवर दूध उतू गेलेलं असायचं.

दुसरा वर्गातला. हा शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा आणि खिडकी उघडी असली तर रस्त्यापलीकडच्या दवाखान्यापर्यंत. या आवाजाची एक खोड होती. बाई वाक्यातला शेवटचा शब्द स्वतः म्हणत नसत. तो मुलांसाठी ठेवत. ‘पृथ्वी सूर्याभोवती...?’ की मुलं ओरडायची, ‘फिरतेऽऽ!’ इतकी वर्षं झाल्यावर बाईंच्या तोंडाला शेवटचा शब्द उच्चारायची सवयच राहिली नव्हती. घरी त्या म्हणायच्या, ‘अहो, गॅस बंद...?’ आणि नवरा वर्तमानपत्रातून तोंड न काढता म्हणायचा, ‘केला.’ केलेला नसायचा. पण उत्तर व्याकरणदृष्ट्या बरोबर असायचं.

तिसरा रेडिओचा. हा मखमली, संथ आणि इतका गंभीर की बाईंनी या आवाजात ‘जेवायला चला’ म्हटलं की पाहुणे उठून दोन मिनिटं स्तब्ध उभे राहत.

एवढं भांडवल असल्यावर धंदा बुडणार कसा? हा प्रश्न वरच्या साहेबांनी विचारला, आणि तिथून धंदा बुडायला सुरुवात झाली.

वरचे साहेब निवृत्त अभियंते. नोकरीत त्यांनी जन्मभर पाण्याचे पंप बसवले, पण निवृत्तीनंतर सगळेच विषय त्यांच्या अखत्यारीत आले. ‘बाई, आवाज चांगला असून उपयोग नाही,’ ते म्हणाले. ‘खोली चांगली हवी.’ मग त्यांनी घरातल्या प्रत्येक खोलीत मधोमध उभं राहून एकेक टाळी वाजवली आणि डोळे मिटून ती ऐकली. शेजारच्या काकू धावत आल्या. ‘कुणाचा सत्कार आहे? मला सांगितलं नाहीत!’ आणि त्याही टाळ्या वाजवायला लागल्या. न्हाणीघरात टाळी इतकी छान घुमली की साहेबांनी तिथे आणखी चार वाजवल्या. शेवटी त्यांनी बेडरूममधलं कपाट उघडलं, आत डोकं आणि दोन्ही हात घातले आणि बाहेर येऊन जाहीर केलं,

‘इथे टाळी मेली.’

‘म्हणजे चांगलं की वाईट?’ बाईंनी विचारलं.

‘आवाजाच्या धंद्यात टाळी मेलेलीच चांगली.’

तर कपाट ठरलं. कपाटातले खालचे कप्पे निघाले, त्यातल्या वस्तू पलंगावर आल्या, पलंगावर झोपणारे हॉलमध्ये गेले. माईकची तार हॉलमधल्या कॉम्प्युटरपर्यंत न्यायला साहेबांनी स्वतःचं ड्रिल आणलं आणि कपाटात शिरून भोक पाडलं. भोक उत्तम पडलं. फक्त ते हॉलच्या बाजूला पडायचं ते काकूंच्या बाजूला पडलं. पलीकडून काकूंचा आनंदी आवाज आला, ‘आलं हो, आलं! एकदम कॅलेंडरच्या वर आलं!’

साहेबांनी भोकाकडे पाहिलं. ‘हवा खेळती राहील,’ ते म्हणाले. तार दाराच्या फटीतून गेली, आणि भोक बुजवायला कुठलं सिमेंट वापरावं याचा अभ्यास करायला ते वर गेले. तो अभ्यास अजून चालू आहे.

आता पुढची पायरी म्हणजे स्टुडिओवाला. हा लेकीच्या मैत्रिणीचा भाऊ. गळ्यात हेडफोन अडकवायचा आणि जेवतानाही काढायचा नाही, जसं डॉक्टर नवीन असताना स्टेथोस्कोपचं करतात. त्याने बाईंना चाचणीसाठी बोलावलं आणि पंख्याच्या जाहिरातीचं एक वाक्य दिलं: ‘या पंख्याची हवा घरभर पसरते आणि वीज वाचते.’

बाईंनी आधी गाण्याचा आवाज लावला. हवा ‘घरभर’मधल्या ‘घ’पासून निघाली आणि ‘र’पर्यंत पोचेस्तोवर स्टुडिओवाल्याने दोनदा घड्याळ बघितलं.

‘मॅडम, हे फार वर गेलं.’

‘पंखा वरच असतो,’ बाई म्हणाल्या. पण आवाज बदलला. ‘या पंख्याची हवा घरभर पसरते आणि वीज...?’

काचेपलीकडून स्टुडिओवाला वाट बघत होता. काचेअलीकडून बाई वाट बघत होत्या. बाईंच्या भुवया वर गेल्या, तशा त्या तीस मुलांसमोर जायच्या. अखेर तो घाबरून म्हणाला, ‘वाचते?’

‘शाब्बास,’ बाई म्हणाल्या.

‘मॅडम, ते तुम्ही म्हणायचं आहे.’

मग रेडिओचा आवाज. बाईंनी श्वास घेतला. डोळे किंचित मिटले. ‘या पंख्याची हवा... घरभर पसरते.’ एक विराम. ‘आणि वीज... वाचते.’

स्टुडिओवाल्याने हेडफोन काढून हातात धरला. ‘मॅडम, पंखा गेला असं वाटतंय.’

‘गेला म्हणजे?’

‘म्हणजे... वारला.’

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. दोन दिवे, एक काच आणि एक स्टूल, एवढ्याच वस्तू त्या खोलीत होत्या आणि त्यांतली एकही बाईंच्या बाजूची नव्हती. स्टुडिओवाला मनाने वाईट नव्हता. तो म्हणाला, ‘हे तिन्ही आवाज मस्त आहेत. पण लोकांना आता नैसर्गिक लागतं. साधं. तुम्ही घरी बोलता ना, तसं बोला.’

आता या वाक्यात दुखावण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण बाई बसस्टॉपवर उभ्या राहून विचार करू लागल्या की आपण घरी कशा बोलतो, आणि त्यांना ते आठवेना. बस आली, गेली. पुढची आली.

घरी आल्या आल्या त्यांनी नवऱ्याला गाठलं. ‘अहो, मी घरी कशी बोलते?’

नवरा विमा कंपनीत दावे तपासायचा. समोरच्या प्रश्नात पुढच्या दहा वर्षांचा धोका किती आहे, हे ओळखण्यात त्याची हयात गेली होती. ‘छान,’ तो म्हणाला.

‘छान म्हणजे कशी?’

‘नेहमीसारखी.’

‘नेहमीसारखी म्हणजे...?’

‘बोलते,’ नवरा सवयीने म्हणाला.

लेक सोफ्यावर आडवी पडून मोबाईल बघत होती. तिने मान वर न करता निकाल दिला. ‘आई, तू बोलत नाहीस. तू घोषणा करतेस, नाहीतर शिकवतेस. वाढदिवसाला गातेस. बोलताना मी तुला कधी ऐकलं नाही.’

बाई हसल्या. पण मग भाजी चिरता चिरता त्यांचा हात थांबला. सुरुवातीला बाईंना हवं होतं काम. आता त्यांना भलतीच धास्ती लागली: तीन आवाज कमवायच्या नादात आपला असा एक होता, तो कुठे ठेवला गेला? की नव्हताच? हरवलेली वस्तू निदान शेवटची कुठे पाहिली ते आठवतं. हे तर तेही नाही.

मग शोधमोहीम सुरू झाली. बेसावध असताना बाईंना रेकॉर्ड करायचं, असं ठरलं. नवऱ्याने मोबाईल वर्तमानपत्राखाली लपवला. बाई आल्या, वर्तमानपत्राचा फुगवटा त्यांना दिसला, आणि त्यांचा हात आपोआप गळ्यापाशी गेला. ‘नमस्कार,’ बाई म्हणाल्या. ‘आपण ऐकत आहात...’ लेकीने मोबाईल फ्रिजवर ठेवला. बाईंनी फ्रिजसमोर गाणं म्हटलं. काकूंनी सल्ला दिला की झोपेत माणूस खरं बोलतो. पण दुपारच्या डुलकीत बाई फक्त हजेरी घ्यायच्या, आणि गैरहजर मुलांच्या नावापाशी दचकून जाग्या व्हायच्या.

अशात स्टुडिओवाल्याचा फोन आला. ‘मॅडम, एक काम आहे. सरकारी. पाणी आणि सांडपाणी खात्याची तक्रारीची लाईन आहे, त्यावर थांबायला सांगायचं आहे. तीन बायका नापास झाल्यात. हे जमलं तर जमलं. नाहीतर मॅडम, खरं सांगतो, तुम्ही शिकवण्या घ्या.’

सोबत खात्याचा कागद होता. आवाज कसा हवा, ते त्यावर लिहिलं होतं: ‘आवाज स्त्रीचा, वय मध्यम, सूर सौजन्यपूर्ण परंतु ठाम, एकंदर परिणाम आश्वासक, परंतु त्यातून कोणतेही आश्वासन निष्पन्न होऊ नये.’ या सुराचा माणूस निसर्गात आढळत नाही, असं लेक म्हणाली. नवरा म्हणाला, ‘आमच्या ऑफिसात एक आहे, पण तो पुरुष.’

तर अशा रीतीने बाई कपाटात शिरल्या, दार लावून घेतलं, आणि आपण गोष्टीच्या सुरुवातीला येऊन पोचलो. नवऱ्याला मोजे हवे आहेत.

‘आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा...?’ बाई म्हणाल्या.

‘आहे!’ भोकातून काकू म्हणाल्या.

बाईंनी पुन्हा सुरुवात केली. कपाटाच्या दारावर टकटक झालं. ‘अगं, मोजे वरच्या कप्प्यात आहेत की खालच्या?’

‘खालचे कप्पे काढलेत.’

‘मग खालच्या कप्प्यातले मोजे कुठे आहेत?’

‘पलंगावर बघा.’

‘पलंग दिसत नाहीये.’

बाईंनी श्वास घेतला, मखमली आवाज लावला. ‘आपला कॉल... आमच्यासाठी...’

‘मघाचंच बरं होतं हो!’ भोकातून अभिप्राय आला. ‘हे ऐकून मला आमच्या मोठ्या जाऊबाई आठवल्या. शेवटचे दिवस.’

तेवढ्यात दार उघडलं. वरचे साहेब आत डोकावले, एक टाळी वाजवली, कान देऊन ऐकली, ‘अजून मेलेलीच आहे,’ म्हणाले आणि दार लावून गेले. त्यांच्या मागून लेक आली. ‘आई, चार्जर तुझ्याकडे आहे?’ तिच्या मागून पुन्हा नवरा. ‘एक मोजा सापडला.’ आणि भोकातून, ‘बाई, तुम्ही रागावणार नसाल तर एक सुचवू का?’

आणि बाईंचा संयम सुटला.

‘अहो, थांबा ना जरा! दिसतंय ना मी आहे इथे? कुठे पळून चाललेय का? एक तोंड आहे मला, त्याला तुम्ही सगळे मिळून लागलात! होईल तुमचं काम. नाही झालं तर तसं सांगेन. पण सारखं सारखं टोकू नका, हात जोडते तुमच्यापुढे. बसा कुठेतरी घटकाभर. पाणी प्या.’

टकटक थांबली. फ्रिजसुद्धा घरघरायचा थांबला. नवरा एका पायात मोजा घालून पलंगाच्या काठावर बसला. भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग पेल्यात पाणी ओतल्याचा.

बाईंनी नंतर नीट, सावकाश, तिन्ही आवाजांत वेगवेगळं रेकॉर्डिंग केलं. लेकीने सगळ्या फाइली एकगठ्ठा पाठवून दिल्या. सगळ्या म्हणजे सगळ्या.

खात्यात त्या ऐकायला समिती बसली. पहिल्या फाइलींना सदस्यांनी चहा घेतला. शेवटी, माईक चालू राहिल्याने भरलेली फाइल लागली आणि ‘अहो, थांबा ना जरा!’ ऐकून अध्यक्ष खुर्चीतून उठून उभे राहिले आणि ‘सॉरी’ म्हणाले. ते कुणाला सॉरी म्हणाले, हे इतिवृत्तात नमूद नाही. विधी सल्लागारांनी मजकूर तीनदा ऐकला. ‘होईल तुमचं काम, नाही झालं तर तसं सांगेन,’ हे वाक्य त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाले की आपल्या उभ्या कारकिर्दीत इतकं निर्दोष वाक्य पाहिलं नाही. यात सर्व काही आहे आणि काहीही नाही.

समितीने आवाज एकमताने मंजूर केला.

करार घरी आला. बाईंनी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लाल पेन घेऊन वाचला. ‘सदर आवाज, त्यातील हेल, लकब, लय व वैताग, यांवर खात्याची कायमस्वरूपी व अनन्य मालकि राहील’ या वाक्यात बाईंना दोन चुका सापडल्या. ‘मालकी’ची की ऱ्हस्व लिहिली होती आणि ‘वैताग’नंतर उगाच स्वल्पविराम होता. दोन्ही दुरुस्त केल्या, समासात ‘अक्षर सुधारा’ असं लिहिलं आणि सही केली. आयुष्यभर निबंध तपासलेल्या माणसाला निबंधात काय म्हटलंय याकडे लक्ष द्यायची सवय नसते, हे न्यायालयात कुठे ग्राह्य धरतात का, याची पुढे घरच्यांनी चौकशी केली. धरत नाहीत.

पण ते पुढे. आधी सुखाचे दिवस आले. लोक पाणी नाही म्हणून तावातावाने फोन लावायचे, बाईंचं ऐकायचे, ओशाळायचे आणि फोन ठेवून पाणी प्यायचे. अर्थात असेल तर. तक्रारी मावळल्या. लाईन मोकळ्या झाल्या. तत्पर सेवेबद्दल खात्याला प्रशस्तिपत्र मिळालं. मग तोच आवाज खात्याच्या लिफ्टमध्ये लागला, खिडक्यांवर लागला, खात्याच्या मोठ्या साहेबांच्या केबिनच्या दारावर लागला.

घरातही काहीतरी झालं होतं. कपाटातून बाहेर आल्यावर तो आवाज परत आत गेलाच नाही. संध्याकाळी चहाला बसल्यावर बाई म्हणाल्या, ‘कंटाळा आलाय बाई आज.’ साधंच वाक्य. शेवटचा शब्द जागेवर होता. एकही वळसा नव्हता आणि कुणी वारलंही नव्हतं. लेकीने मोबाईल खाली ठेवला. नवऱ्याने वर्तमानपत्राची घडी घातली. ‘कशाचा कंटाळा आला?’ त्याने विचारलं, आणि बाईंनी सांगितलं. त्या चहाचा दुसरा कप झाला. मग रोजच होऊ लागला. एकदा तर नवरा आपल्या ऑफिसातली गोष्ट सांगायला लागला, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईंना कळलं की याला गोष्ट सांगता येते, फक्त शेवट येत नाही.

‘हा आवाज कुठे होता गं इतके दिवस?’ तो म्हणाला.

‘मोज्यांच्या मागे,’ बाई म्हणाल्या. तिघं हसत सुटली, आणि भिंतीपलीकडून चौथं हसू आलं.

घात बाजारात झाला. बाई भाजी घेत होत्या, मागून रेटारेटी झाली, आणि बाई वळून सहज म्हणाल्या, ‘अहो, थांबा ना जरा!’ अख्खा बाजार थांबला. वजनाचे काटे थांबले. एक गृहस्थ नकळत पाणी प्यायला. त्याच गृहस्थाने दुसऱ्या दिवशी खात्याला कळवलं की आपला सरकारी आवाज एक महिला कोथिंबिरीसाठी वापरत असून हे सार्वजनिक मालमत्तेच्या गैरवापरात मोडतं.

खात्याचा अधिकारी घरी आला. अगदी सज्जन माणूस. चप्पल बाहेर काढून, पाय पुसून आत आला.

‘मॅडम, तुम्ही आमचा आवाज वापरताय अशी तक्रार आहे.’

‘तुमचा कसला? माझा आहे तो!’

‘हा बघा. आत्ता वापरलात.’ त्याने वहीत टिपलं.

‘अहो, मी बोलतेय फक्त!’

‘परत वापरलात.’ त्याने परत टिपलं. ‘मॅडम, माझी वैयक्तिक हरकत काहीच नाही. माझी बायको रोज तुमचा आवाज लावून मुलांचा अभ्यास घेते. पण त्या आवाजाला आता क्रमांक पडलाय. पंख्याच्या आणि पायपुसण्याच्या मध्ये आहे तो, जंगम मालमत्तेत. उद्या तुम्ही तो घरात वापरून झिजवलात तर जबाबदारी कुणाची?’

नवरा मध्ये पडला. ‘आवाज झिजत नाही हो.’

‘तसं झिजण्याच्या तज्ज्ञाकडून लिहून आणा.’

बाईंनी तोंडावर हात ठेवला होता. मग त्या मखमली, संथ, गंभीर आवाजात म्हणाल्या, ‘मग मी... बोलायचं... कसं?’

अधिकाऱ्याचा चेहरा खुलला. ‘हा आहे की तुमच्याकडे! छान आहे. असे किती आहेत?’

‘तीन,’ बाई म्हणाल्या.

‘तीन!’ तो कौतुकाने म्हणाला. ‘मॅडम, लोकांकडे एकसुद्धा धड नसतो. मग अडचण काय आहे?’

अडचण काय आहे ते समजावून सांगायला बाईंना जो आवाज लागणार होता, तो वापरायची सोय नव्हती. अधिकारी चहा पिऊन गेला.

वरच्या साहेबांनी सुचवलं की मूळ आवाजात थोडा तांत्रिक फेरफार करून पाचवा तयार करता येईल. काकूंनी भोकाला उशी लावली, म्हणजे त्यांच्या बाजूने तरी ऐकल्याचा पुरावा राहायला नको. आणि बाई पुन्हा जुन्या वळणावर आल्या. ‘चहा तयार...?’ ‘झाला,’ नवरा म्हणाला. लेकीने मोबाईल उचलला. दुसरा कप बंद झाला.

फक्त नवरा ऑफिसातून दुपारी पाणी खात्याला फोन करू लागला. ही गोष्ट लेकीला त्याच्या मोबाईलमध्ये दिसली आणि तिने ती आईला सांगितली नाही, म्हणजे काकूंना सांगितली. तक्रार त्याची काहीच नसायची. ‘दिसतंय ना मी आहे इथे? कुठे पळून चाललेय का?’ एवढं ऐकायचं असायचं. पण लाईन आता फार तत्पर झाली होती. बाई ‘बसा कुठेतरी घटकाभर’पर्यंत यायच्या आत कुणीतरी कर्तव्यदक्ष कारकून फोन उचलायचा, आणि नवऱ्याला घाईघाईने तक्रार शोधावी लागायची. एकदा तो म्हणाला, नळाला पाणी फार येतंय. त्याची दखल घेऊन दुसऱ्या दिवशी इमारतीचं पाणी कमी करण्यात आलं.

पाणी का कमी झालं, याची चौकशी करता करता बाईंना सगळं कळलं. त्या रात्रीच्या जेवणाला काहीच बोलल्या नाहीत, कुठल्याच आवाजात. ताटं उचलल्यावर त्यांनी कागद घेतला, लाल पेन बाजूला ठेवून निळं घेतलं, आणि लिहिलं:

‘प्रति, माननीय अधिकारी, आवाज व इतर जंगम मालमत्ता, पाणी आणि सांडपाणी खाते. विषय: चौथा आवाज घरगुती वापरासाठी मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराने उपरोक्त आवाज स्वखुशीने व शुद्धलेखन तपासून आपल्या खात्यास दिला आहे. तथापि अर्जदारास पती एक व मुलगी एक असून त्यांच्याशी बोलण्यास अन्य तीन आवाज पुरेसे पडत नसल्याचे अनुभवास आले आहे. सबब सदर आवाज रोज संध्याकाळी चहाच्या वेळेपुरता, वैतागासह किंवा वैताग वगळून, आपल्या सोयीनुसार, झीज भरून देण्याच्या अटीवर परत मिळावा. नियमात ते बसत नसल्यास, अर्जदाराच्या पतीचा दुपारी आपल्या लाईनवर येणारा फोन खात्यातील कोणीही, कितीही तत्पर असले तरी, कृपया उचलू नये, ही विनंती.’